मिसिसिपीचा कौल आणि मतदारांची यादी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अध्यक्षीय निवडणुकांच्या इतिहासात दक्षिणेकडील राज्यांचा पक्षबदल हा बहुचर्चित विषय होय. १९३६ साली मिसिसिपी राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ९७ टक्के मते पडली. १९६४ साली त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांना सुमारे ८७ टक्के मते मिळाली. अठ्ठावीस वर्षांत एका प्रदेशाचे मत उलटले, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. तथापि हे मत कोणाचे होते, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा.

यादवी युद्धानंतर, १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकाराला संरक्षण मिळाले. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदान-कर व साक्षरता-चाचणी या अटी घालून तो व्यवहारात हिरावून घेतला. दक्षिणेतील इतर राज्यांनीही पुढे हाच मार्ग धरला. दक्षिणेची सुप्रसिद्ध डेमोक्रॅटिक एकजूट या संकुचित मतदारवर्गावर दीर्घकाळ टिकून राहिली.

१९४८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचा पुरस्कार करताच स्ट्रॉम थर्मंड वेगळे उभे राहिले व त्यांनी मिसिसिपीसह चार राज्ये जिंकली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली. सिनेटमध्ये गोल्डवॉटर यांनी त्याविरुद्ध मत दिले होते. म्हणजे १९३६ व १९६४ या दोन्ही साली कौल देणारा वर्ग बहुतांशी एकच, गौरवर्णीयांचा होता. बदलली ती पक्षांची भूमिका.

खरा पालट १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर झाला. मिसिसिपीतील नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेले. १९७६ साली त्यांच्या पाठिंब्यामुळे जिमी कार्टर यांनी हे राज्य अल्प मताधिक्याने जिंकले. १९८० पासून २०२४ पर्यंत मात्र प्रत्येक वेळी तेथे रिपब्लिकन उमेदवारच विजयी झाला. परंतु या काळात कोणालाही ६२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली नाहीत.

यावरून असे दिसते की, पूर्वीचे एकमत प्रदेशाचे नव्हते. ते यादीचे होते. निवडणुकीचा नकाशा राज्यांचे कौल दाखवितो, मतपेटीपासून दूर ठेवलेल्यांचे अस्तित्व दाखवीत नाही. म्हणून प्रादेशिक मतांतराच्या अभ्यासकाने मतांच्या आकड्यांपूर्वी मतदारांची यादी तपासणे अगत्याचे आहे.