बोधचिन्ह आरेखन (प्राथमिक अभ्यास)

बोधचिन्ह आरेखन म्हणजे एखाद्या संस्थेची, व्यवसायाची, उत्पादनाची किंवा उपक्रमाची ओळख एका आटोपशीर दृश्य चिन्हातून प्रकट करण्याची कला व तंत्र होय. हा उपयोजित कलेचा एक विभाग आहे. चित्र प्रेक्षकाकडून निवांत पाहिले जाते, तर बोधचिन्ह बहुधा ओझरते, लहान आकारात किंवा दुरून दिसते. त्यामुळे प्रतिकूल परिस्थितीतही चिन्ह ओळखू येणे ही त्याची मुख्य कसोटी मानली जाते. नवशिक्या अभ्यासकाला या कसोटीपासूनच विषयाची सुरुवात करावी लागते. या लेखात प्राथमिक अभ्यासाची रूपरेषा दिली असून उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. स्थानिक उपयोजनासाठी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) या झाडीपट्टी रंगभूमीच्या केंद्राचा विचार केला आहे.

## संज्ञा व प्रकार

'लोगो' या रूढ शब्दासाठी मराठीत 'बोधचिन्ह' ही संज्ञा वापरली जाते. कायद्याच्या परिभाषेत मालाच्या किंवा सेवेच्या ओळखचिन्हास 'व्यापारचिन्ह' म्हणतात. प्रत्येक बोधचिन्ह नोंदणीकृत व्यापारचिन्ह असतेच असे नाही. रचनेनुसार बोधचिन्हांचे पुढील प्रकार केले जातात.

* अक्षरचिन्ह : संपूर्ण नाव विशिष्ट वळणाच्या अक्षरांत लिहून तयार केलेले चिन्ह.
* आद्याक्षरचिन्ह : नावातील पहिल्या अक्षरावर किंवा अक्षरांवर आधारलेले चिन्ह.
* चित्रचिन्ह : ओळखता येईल अशा वस्तूची, प्राण्याची वा वनस्पतीची सुलभीकृत आकृती.
* अमूर्त चिन्ह : कोणत्याही वस्तूचे थेट चित्रण न करणारी भौमितिक आकृती.
* संयुक्त चिन्ह : आकृती आणि नाव यांची ठरावीक मांडणी.

## पार्श्वभूमी

मालकी किंवा अधिकार दर्शविणाऱ्या खुणांची परंपरा जुनी आहे. नाणी, शिक्के आणि राजमुद्रा ही तिची उदाहरणे होत. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी होती. इंग्लंडमध्ये 1 जानेवारी 1876 रोजी व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली आणि बास या मद्यनिर्मिती कंपनीचा लाल त्रिकोण तेथील पहिले नोंदणीकृत चिन्ह ठरला. भारतात या विषयावर 1940, 1958 आणि 1999 मध्ये कायदे करण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर भारतात सार्वजनिक संस्थांच्या बोधचिन्हांना विशेष महत्त्व आले. कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा उलटा लाल त्रिकोण एका रंगात आणि सरळ रेषांत काढता येत असल्यामुळे खेड्यापाड्यांतील भिंतींवर तो सहज रंगविता आला. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी 1971 मध्ये भारतीय स्टेट बँकेसाठी वर्तुळ आणि त्यातील चीर एवढ्याच घटकांचे चिन्ह तयार केले.

भारतीय रुपयाचे चिन्ह मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. उदयकुमार यांनी आरेखित केले. केंद्रीय मंत्रिमंडळाने 15 जुलै 2010 रोजी त्यास मान्यता दिली. देवनागरी 'र' आणि उभा दंड नसलेले रोमन 'आर' यांचा त्यात मेळ घातलेला आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह खुल्या स्पर्धेतून निवडले गेले आणि ते कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांचे होते. महात्मा गांधींचा चेहरा न दाखविता केवळ त्यांचा चष्मा घेऊन, एका काचेत 'स्वच्छ' आणि दुसऱ्या काचेत 'भारत' हे शब्द त्यांनी बसविले. परिचित प्रतिमेतील नेमका भाग निवडून बाकीचा गाळणे म्हणजे काय, हे या चिन्हावरून स्पष्ट होते.

## आरेखनाची तत्त्वे

साधेपणा. आकृतीतील प्रत्येक घटकाला काम असावे. एखादी रेषा काढून टाकल्यावरही अर्थ आणि ओळख कायम राहत असेल, तर ती रेषा अनावश्यक समजली जाते.

वेगळेपणा. चिन्ह त्याच क्षेत्रातील इतर चिन्हांपासून निराळे दिसले पाहिजे. धान्याच्या व्यवसायासाठी लोंबी, शाळेसाठी पुस्तक किंवा दिवा, नाटकासाठी हसरा आणि रडका मुखवटा या प्रतिमा समर्पक असल्या तरी अतिपरिचित आहेत. केवळ त्यांच्या वापराने एक संस्था दुसरीपासून वेगळी ओळखता येत नाही.

प्रमाणक्षमता. दुकानाच्या पाटीवर आणि रबरी शिक्क्यावर एकच चिन्ह वापरावे लागते. बारीक रेषा लहान आकारात तुटतात आणि अरुंद पोकळ जागा शाईने भरून जातात.

एकरंगी रूप. पावतीपुस्तक, शिक्का, पोते आणि छायाप्रत यांवर चिन्ह बहुधा एकाच रंगात उमटते. म्हणून प्रथम काळ्या-पांढऱ्या रूपात आकृती पक्की करून नंतर रंग ठरविण्याची पद्धत आहे. केवळ लाल आणि हिरव्या रंगांतील फरकावर उभे असलेले चिन्ह रंगांधत्व असलेल्या व्यक्तींना नीट ओळखता येत नाही.

रिक्त जागा. आकृतीभोवतीची आणि आकृतीमधील मोकळी जागा हाही रचनेचा घटक असतो.

## देवनागरी लिपीचे विशेष

रोमन अक्षरांसाठी सांगितलेले नियम देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द एकसंध दिसतो. मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार आणि काही जोडाक्षरांचे भाग खाली जातात. परिणामी अक्षरचिन्हाला वर-खाली अधिक जागा लागते. आद्याक्षर घेतानाही फरक पडतो. मराठीत संक्षेप करताना स्वरचिन्ह बहुधा कायम ठेवले जाते, त्यामुळे 'झाडीपट्टी' या शब्दाचे आद्याक्षर 'झ' ऐवजी 'झा' असे घेणे स्वाभाविक ठरते.

'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठीतील वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये प्रमाणीकृत मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला. संगणकातील अनेक अक्षरसंच हिंदी वळण आपोआप दाखवत असल्याने मराठी नावाचे अक्षरचिन्ह करताना ही बाब तपासावी लागते.

या क्षेत्रात मराठी आरेखकांचे कार्य मोठे आहे. र. कृ. जोशी (1936–2008) यांनी भारतीय लिपींच्या सुलेखनाचा व मुद्राक्षरांचा अभ्यास केला आणि संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच घडविला. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशा वळणांत लिहिली की वर्तमानपत्रातील लहान जाहिरातीतही नाटकाचा स्वभाव अक्षरांवरून लक्षात येई.

## प्राथमिक अभ्यासाचे टप्पे

1. निरीक्षण. बाजारातील पाट्या, वेष्टने आणि शिक्के पाहून कोणती चिन्हे दुरून ओळखू येतात व का, याची नोंद केली जाते.
2. माहिती घेणे. संस्था काय करते, तिचा ग्राहक वा प्रेक्षक कोण, चिन्ह कोठे वापरले जाणार आणि त्याच क्षेत्रात कोणती चिन्हे आधीपासून आहेत, हे लिहून काढले जाते.
3. शब्दसूची. संस्थेशी निगडित वस्तू, कृती आणि गुण यांची यादी करतात. पहिल्या काही कल्पना बहुधा सर्वांना सुचणाऱ्या असतात, म्हणून यादी लांबविणे उपयुक्त ठरते.
4. कच्ची रेखाटने. पेन्सिलीने लहान चौकटींत अनेक रेखाटने केली जातात. या अवस्थेत संगणकाचा वापर टाळल्यास तयार आकृत्यांचा मोह राहत नाही.
5. सुलभीकरण. निवडलेली आकृती पारदर्शक कागदावर पुन्हा पुन्हा गिरवून दर वेळी एक घटक कमी केला जातो. ओळख हरवते त्या पायरीच्या आधीचे रूप स्वीकारले जाते.
6. भौमितिक शिस्त. वर्तुळ, चौरस आणि समांतर रेषा यांच्या साहाय्याने प्रमाण नियमित केले जाते. भौमितिकदृष्ट्या समान असलेले आकार डोळ्यांना समान दिसतातच असे नाही. समान उंचीचे वर्तुळ चौरसापेक्षा लहान भासते, त्यामुळे अंतिम निर्णय नजरेने करावा लागतो.
7. चाचणी. चिन्ह नखाएवढे लहान करून, छायाप्रत काढून, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे करून आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहून तपासले जाते. काही वेळाने एखाद्या त्रयस्थ व्यक्तीस ते स्मरणाने काढण्यास सांगणे हीही उपयुक्त चाचणी आहे.

विद्यार्थिदशेत केलेले काम जगप्रसिद्ध झाल्याचे उदाहरण म्हणून 'नायकी' कंपनीच्या चिन्हाचा उल्लेख होतो. कॅरोलिन डेव्हिडसन यांनी विद्यार्थिनी असताना 1971 मध्ये 35 डॉलर मोबदल्यात ते तयार केले होते.

## वडसा व झाडीपट्टीतील उपयोजन

वडसा हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावरील गाव असून देसाईगंज या नावानेही ओळखले जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीचे ते प्रमुख केंद्र आहे. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात नाट्यमंडळांची कार्यालये येथे गजबजतात आणि गावोगावचे आयोजक प्रयोग ठरविण्यासाठी येतात. या रंगभूमीवरील कार्यासाठी कुरखेडा परिसरातील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बोधचिन्हाच्या अभ्यासकाला येथे एक महत्त्वाचा भेद प्रत्यक्ष पाहता येतो. नाटकाचे शीर्षक आणि नाट्यमंडळाचे बोधचिन्ह यांची कामे निराळी असतात. शीर्षकाने त्या नाटकाचा विषय, रस आणि आकर्षण सांगावयाचे असते, म्हणून त्याचे वळण नाटकागणिक बदलते. मंडळ मात्र हंगामानंतर हंगाम तेच राहते. पुढील वर्षी प्रयोग ठरविताना आयोजकाला मंडळाचे नाव आठवले पाहिजे. नटांची छायाचित्रे, नाटकाचे शीर्षक, स्थळ, तारीख आणि तिकिटाचे दर यांनी भरलेल्या जाहिरातपत्रकावर मंडळाच्या चिन्हाला जेमतेम कोपरा मिळतो. तेच चिन्ह कार्यालयाच्या पाटीवर, करारपत्रावरील शिक्क्यात आणि भ्रमणध्वनीवरील गोल चित्रातही वापरावे लागते. त्यामुळे छटा, सावल्या आणि सोनेरी चकाकी यांवर अवलंबून असलेली आकृती येथे निरुपयोगी ठरते.

भातगिरणीसाठीचे चिन्ह हा दुसरा उपयुक्त सराव आहे. पोत्याच्या खरबरीत पृष्ठभागावर एका शाईने छापताना बारीक दाणे एकमेकांत मिसळतात. धानाची लोंबी सर्वत्र वापरली जात असल्यामुळे अभ्यासकाला आद्याक्षराच्या उभ्या दंडात एकच दाणा बसविणे, किंवा दाण्याच्या आकारातून अक्षराची पोकळी घडविणे, असे पर्याय शोधावे लागतात. बांबू, मोहफूल, तेंदूपान, कोसा आणि नदी यांसारख्या परिसरातील प्रतिमाही उपलब्ध आहेत, परंतु त्यांचा संस्थेच्या कामाशी संबंध असणे आवश्यक असते.

## साधने

हाताने केलेले रेखाटन संगणकावर नेताना व्हेक्टर पद्धतीची आज्ञावली वापरली जाते. या पद्धतीत आकृती बिंदू आणि वक्ररेषांच्या गणिती वर्णनातून साठविली जात असल्याने ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. छायाचित्राप्रमाणे ठिपक्यांनी बनलेली रास्टर प्रतिमा मोठी केल्यास धूसर होते. 'इंकस्केप' ही विनामूल्य व्हेक्टर आज्ञावली आहे, तर छपाईच्या दुकानांत 'कोरलड्रॉ' मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'बलू' आणि 'मुक्त' हे देवनागरी अक्षरसंच खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत.

छपाईसाठी देण्यापूर्वी अक्षरांचे आकृतीत रूपांतर केले जाते, अन्यथा दुसऱ्या संगणकावर तो अक्षरसंच नसल्यास नावाचे रूप बिघडते. पडद्यावरील रंग प्रकाशाचे आणि छपाईतील रंग शाईचे असल्याने दोहोंत फरक पडतो. त्यामुळे छपाईचा नमुना पाहून रंग निश्चित केले जातात.

## कायदेशीर बाजू

व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 हा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. नोंदणीची मुदत 10 वर्षे असून तिचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. माल आणि सेवा मिळून 45 वर्ग असून मनोरंजनविषयक सेवा 41व्या वर्गात येतात. नोंदणी झालेली नसताना ती झाल्याचे दर्शविणारी वर्तुळातील 'आर' ही खूण वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

वेगळेपणा नसलेल्या, केवळ मालाचे वर्णन करणाऱ्या किंवा आधीच्या चिन्हाशी गोंधळ होईल इतपत साम्य असलेल्या चिन्हास नोंदणी नाकारली जाऊ शकते. महाजालावरून घेतलेली तयार आकृती वापरणाऱ्या नवशिक्याला येथेच अडचण येते. तीच आकृती अनेकांकडे असल्यास ग्राहकाला तिच्यावर एकट्याचा हक्क सांगणे कठीण जाते, आणि पाट्या, पावत्या व पोती छापून झाल्यावर चिन्ह बदलण्याचा खर्च त्याच्यावर पडतो. राष्ट्रध्वज, राजचिन्ह आणि संरक्षित नावे यांच्या व्यापारी वापरावर 1950 आणि 2005 च्या स्वतंत्र कायद्यांनी निर्बंध घातले आहेत.

मूळ रेखाटनास प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 नुसारही संरक्षण मिळू शकते. या अधिकाराचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह करावे लागते. म्हणून काम सोपविताना मोबदला, दुरुस्त्यांची संख्या, द्यावयाच्या धारिका आणि हक्कांचे हस्तांतरण यांची नोंद करून ठेवली जाते.

## शिक्षणाच्या सोयी

महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्यांसाठी कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा हा सर्वांत जवळचा प्रारंभबिंदू आहे. त्यांतील संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय बोधचिन्ह आरेखनास थेट उपयोगी पडतात. पुढील पदवी शिक्षण 'उपयोजित कला' या शाखेत घेता येते. विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळचे असून मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था ही या शाखेतील जुनी संस्था आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डिझाइन विभाग येथे प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा घेतल्या जातात.