खाडीचें पाणी आणि लोखंडांतील वीज

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास आली, आणि पुढल्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती खाडी ओलांडून कल्याणास पोंचली. तेव्हांपासून या खाडीकांठीं लोखंडाचें गंजाशीं वैर जडलें. खाऱ्या पाण्याचा थेंब लोखंडावर बसला, कीं त्याच लोखंडाच्या दोन जागांमध्यें विजेचा दाब कमीअधिक होतो. एक जागा झिजते, दुसरी शाबूत राहते. गंज चढणें म्हणजे अशा असंख्य सूक्ष्म विद्युत्घटांचें कार्य होय.

हें मर्म जाणून १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांस जस्त व लोखंड जोडलें. तांबें वांचलें, पण न झिजणाऱ्या त्या पत्र्यांवर समुद्रांतील जीव चिकटून जहाजांची गति मंदावली!

पुढें १८९८ मध्यें लॉर्ड केल्व्हिन यांनीं दोन धातूंमधील दाबाचा फरक मोजण्याची रीत वर्णिली. मात्र तींत संपूर्ण पत्र्याची सरासरीच कळे. गंज नेमका कोठें आरंभ पावतो, हें कळत नसे. १९८६ सालीं सूक्ष्म सुईनें पृष्ठभाग चांचपणारें अणुबल सूक्ष्मदर्शक निघालें आणि १९९१ सालीं केल्व्हिन यांची रीत त्यास जोडली गेली. सुई व पृष्ठभाग यांच्या दाबांत फरक असल्यास त्यांच्यांत ओढ उत्पन्न होते. उलट दाब देऊन ती नाहींशी केली, कीं दिलेला दाब हेंच त्या फरकाचें माप. अशा रीतीनें मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या, मापांत पृष्ठभागाचा विद्युत्-नकाशा काढतां येऊं लागला.

परंतु खाऱ्या पाण्यांत ही युक्ति फसे. स्थिर दाब देतांच क्षारांचे विद्युद्भारित कण सुईभोंवतीं गोळा होतात; दाब सुमारें सव्वा व्होल्टपलीकडे गेल्यास पाण्याचेंही विघटन होऊं शकतें. जें मोजावयाचें, तेंच मोजण्यानें बिघडे. जपानांतील कानाझावा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं यावर तोड काढली. त्यांनीं स्थिर दाब वगळून अतिवेगानें दिशा पालटणारा दाब वापरला. कणांस जागचें हलण्याइतकीही सवड मिळेना, आणि सुईच्या कंपनांवरून स्थानिक दाबाचें गणित मांडतां आलें. २०१६ सालीं याच रीतीनें द्रवांत बुडालेल्या तांब्यावर व पोलादावर झीज घडविणारे सूक्ष्म घट प्रत्यक्ष दिसूं लागले.

लोखंडी पुलांवर गंज चढला, कीं तो खरवडून रंग द्यावा लागतो. डोळ्यांस दिसण्यापूर्वीं बहुत काळ त्याचें काम पाण्याखालीं सुरू झालेलें असतें.