लघ्वांत्रातील रक्तस्रावी अर्बुदे

लहान आतड्यात उद्भवून पचनमार्गात रक्तस्राव घडवणाऱ्या गाठी. ग्रहणी, रिक्तांत्र व शेषांत्र मिळून लघ्वांत्र सुमारे ६ मी. लांब असते, तरीही पचनमार्गाच्या कर्करोगांपैकी जेमतेम ३ ते ५ टक्के येथे होतात. दुर्मीळ असल्यामुळेच त्यांची शंका उशिरा येते.

प्रकार : जोमाने रक्तस्राव करणारी गाठ म्हणजे ‘जिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर). आतड्याच्या हालचालींचा ताल राखणाऱ्या काहाल पेशींशी तिचे नाते आहे. ही गाठ बहुधा आतड्याच्या बाहेरच्या अंगाला वाढते, म्हणून अन्नाची वाट बराच काळ मोकळी राहते. मात्र आतल्या अस्तरावर लहानसा व्रण पडला की तेथून भरपूर रक्त जाते. ग्रंथिकर्करोग अधिककरून ग्रहणीत होतो व त्यातून रक्त थोडेथोडे झिरपते. कार्सिनॉइड गाठी मुख्यतः शेषांत्रात आढळतात. लसीकार्बुद, रक्तवाहिन्यांच्या गाठी, वसार्बुद आणि त्वचेच्या मेलानोमाचा आतड्यातील प्रसार ही आणखी कारणे होत. प्यूट्झ-येगर्स या आनुवंशिक विकारात ओठांवर काळसर ठिपके व आतड्यात मोड (पॉलिप) येतात.

लक्षणे : डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, धाप, थकवा व फिकटपणा. रक्तस्राव मधूनमधून थांबतो आणि बरे वाटल्याचा भास होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकटत नाही.

खान्देशातील संदर्भ : जळगाव-धुळ्याकडे ‘रक्त कमी आहे’ हे निदान नेहमीचे आहे. अपुरा आहार, मासिक पाळीतील अतिस्राव, शेतात अनवाणी वावरताना होणारा अंकुशकृमीचा संसर्ग आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेल ही त्याची ओळखीची कारणे. शौचावाटे रक्त गेले तर मूळव्याध समजून घरगुती औषध चालू होते. या गर्दीत गाठ लपून राहते. गोळ्या, सलाइन किंवा बाहेरून रक्त देऊनही हिमोग्लोबिन पुनःपुन्हा उतरत असेल, तर रक्त नेमके कोठून जाते याचा शोध घेतलाच पाहिजे. त्यासाठी आधीचे सर्व रिपोर्ट एका फाईलीत जपून ठेवणे मोलाचे ठरते.

निदान : तोंडावाटेची दुर्बीण ग्रहणीपर्यंत व गुदद्वारावाटेची शेषांत्राच्या टोकापर्यंत पोहोचते, मधला लांब पट्टा दोन्हींना दिसत नाही. त्यामुळे ‘दोन्ही दुर्बिणी नॉर्मल’ म्हणजे तपास संपला असे नव्हे. २००१ च्या सुमारास वापरात आलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल व फुग्यांच्या साहाय्याने पुढे सरकणारी दुर्बीण यांनी हा पट्टा उजेडात आणला. आतडे क्षयामुळे वा गाठीमुळे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकू शकते. म्हणून आधी सीटी तपासणी उपयोगी पडते. जिस्ट बाहेरच्या अंगाला असल्यास सीटीतच ती अधिक स्पष्ट दिसते.

उपचार : शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेने गाठ व तिच्या दोन्ही बाजूंचे थोडे आतडे काढून टोके जोडतात. पसरलेल्या किंवा उलटण्याचा धोका असलेल्या जिस्टसाठी इमॅटिनिबच्या गोळ्या देतात. लसीकार्बुदावर मुख्य उपचार केमोथेरपीचा असतो.

सोयी : धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही खान्देशातील मोठी सरकारी उपचारकेंद्रे. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरंभ २०१२ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला, त्यांत धुळे होता. काळ्या शौचेसोबत चक्कर, घाम वा छातीत धडधड असल्यास ही तातडीची अवस्था समजून रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.