तोतया आणि हुंडी

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. सदाशिवरावभाऊ त्यात गेले, पण त्यांच्या शेवटाविषयी पुण्यात नाना वावड्या पोचल्या. भाऊ जखमी होऊन कुठे तरी लपले आहेत, बैरागी होऊन फिरत आहेत, असे लोक बोलत राहिले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. त्या परत आल्या, पण पती गेले हे त्यांनी मानले नाही. 1783 साली निवर्तेपर्यंत त्या सुवासिनीच राहिल्या.

अशा आशेवर कोणी तरी हात मारणारच. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. गोष्ट इथे संपायला हवी होती की नाही? पण 1776 साली रत्नागिरीचा कारभार पाहणाऱ्या रामचंद्र नाईक परांजप्यांनीच त्याला बाहेर काढून उचलून धरले. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले आणि माणसे त्याच्याभोवती जमली. तो घाट चढून राजमाचीपर्यंत आला, तेव्हा महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. मुंबईकडे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. डिसेंबर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

या बंडाकडे इतिहासकार राजकारण म्हणून बघतात. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. चौकशी एकदा होऊन गेली होती, निकालही लागला होता. तरी माणसांनी ओळख पटवून घेतली ती कोणाकडून? तोतयाकडून आणि त्याच्याच माणसांकडून. फसवणाऱ्यालाच 'तू खरा ना?' असे विचारले, तर तो दुसरे काय सांगणार?

आपल्या व्यापारी समाजाला मात्र हा धोका फार जुन्या काळापासून ठाऊक होता. सत्यव्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्रात 'कूटलेखक्रिया' आली आहे. खोटा लेख करणे हे इतक्या पूर्वी दोषांत वेगळे मोजले गेले, म्हणजे तसे करणारेही असणारच. म्हणून पेढीवर नुसत्या कागदावर कोणी विसंबत नसे.

हुंडीच बघा ना. शंभर रुपयांची हुंडी असली, तर आकडा वेगळा, अक्षरे वेगळी, आणि वर निमे पन्नास, त्याची दुप्पट, असेही लिहायचे. नंतर कोणी एक शून्य वाढवले, तरी निमे जुळणार नाहीत. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' लिहून द्यायची, तीही गेली तर 'परपेठ'. त्यांत आधीच्या कागदाचा उल्लेख असे, म्हणजे एका रकमेचे पैसे दोनदा जाऊ नयेत. आणि सर्वांत शहाणी ती शाहजोग हुंडी. तिचे पैसे कागद आणणाऱ्या कोणाही माणसाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहालाच, किंवा त्याच्यामार्फत द्यायचे. पुढे काही खोटे निघाले, तर पैसे कुठे गेले हे सापडे आणि शाहाला जाब विचारता येई. कागद आणणारा एक, आणि त्याची ओळख देणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती.

आज हा दुसरा माणूसच मधून निघून गेला आहे. फोन येतो, 'तुमच्या आधारवर पार्सल सापडले आहे, मी पोलीस अधिकारी बोलतो.' व्हिडिओवर गणवेशही दिसतो. मग ताकीद मिळते, 'फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका.' मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्यातच तोतया ओळखू येतो. शाहाला विचारायला तो तुम्हाला सवड देत नाही. 'डिजिटल अटक' असे काही आपल्या कायद्यात नाहीच. असा फोन सरळ बंद करावा. मनात शंका राहिली, तर त्याने दिलेला नंबर लावू नये. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो, तो लावावा. नाही तर मुलाला, सुनेला, शेजारच्या वहिनींना हाक मारावी. त्या घटकेला त्याच आपल्या शाह.

बाकीचेही जुन्या पेढीसारखेच सांभाळायचे. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहावे, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. हे आपले 'निमे'. जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. अंगठ्याच्या ठशाला आधारच्या ॲपवर कुलूप घालता येते, ते घालून ठेवावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, पैसे जायलाच लागतो, एवढे तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

इतके करूनही कोणी फसली, तर 1930 या नंबरावर लगेच तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून पहिले काही तास मोलाचे. पण आपल्या घरांत ते तास कशात जातात? 'आता ह्यांना कसं सांगू' या विचारात. 'तुला अक्कल नव्हती का?' हे ऐकायच्या भीतीने बाई गप्प बसते आणि तोतया निसटतो. पार्वतीबाईंनी वाट पाहिली, त्यात त्यांचा काय गुन्हा होता? ज्याने त्यांच्या नवऱ्याचे नाव चोरले, गुन्हा त्याचा. हा न्याय पुण्यात 1776 साली झाला. आपल्या घरातल्या बाईलाही तो मिळावा, म्हणजे ती आधी आपल्याला सांगेल, आणि वेळेवर सांगेल.