लोकसेवकांचा गौरव

लोकसेवकांचा गौरव : शासकीय सेवेतील व्यक्तीने नेमून दिलेल्या कर्तव्यापलीकडे जाऊन केलेल्या कामाची शासनाने वा समाजाने घेतलेली जाहीर नोंद. तिची साधने पदवी, पदक, मानपत्र, रोख बक्षीस, आगाऊ वेतनवाढ अशी निरनिराळी असली, तरी मूळ प्रश्न एकच राहतो : ज्या कामासाठी वेतन मिळते, त्याच कामासाठी वेगळा सन्मान का व कोणत्या कसोटीवर द्यावा ?

हा प्रश्न मराठी राज्यव्यवहारास नवा नाही. मराठेशाहीत कामगिरीबद्दल वस्त्रे, सोन्याची कडी, पालखी, अबदागीर, इनाम गाव इ. देण्याची चाल होती. वंशपरंपरेने जमीन देऊन सेवकांना संतुष्ट करण्यास मात्र रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात विरोध आढळतो. अशा दानाने राज्याचे उत्पन्न कायमचे घटते आणि सेवकाची निष्ठा राज्याऐवजी वतनाकडे वळते, हा त्यामागील विचार आजही विचारात घेण्याजोगा आहे.

ब्रिटिश अमदानीत जमिनीची जागा पदव्यांनी घेतली. रावसाहेब, रावबहादुर, खानबहादुर या पदव्या प्रामुख्याने सरकारी नोकर व सरकारधार्जिण्या प्रतिष्ठितांना मिळत. व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना रावबहादुर ही पदवी मिळाली, ती व्याकरणासाठी नव्हे; डेप्युटी कलेक्टर असताना अहमदनगरकडील भिल्लांचा उठाव शमविल्याबद्दल. महादेव गोविंद रानडे यांच्या बाबतीत तर सरकारचा संशय व सन्मान हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या वाट्यास आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, १८७९ मध्ये, त्यांची बदली धुळ्यास करण्यात आली. १८८७ मध्ये त्यांनाच सी. आय. ई. हा किताब देण्यात आला. यावरून तत्कालीन गौरवाची कसोटी लोकांची सेवा नसून राज्यकर्त्यांचा विश्वास ही होती, हे स्पष्ट होते.

स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद १८ अन्वये लष्करी व शैक्षणिक वगळता अन्य किताब देण्यास राज्यसंस्थेला मनाई झाली. १९५४ पासून दिले जाणारे पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, ते नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सेवेतील शासकीय कर्मचारी या पुरस्कारांस पात्र नसतात. पोलिसांसाठी राष्ट्रपतींचे पदक १९५१ मध्ये सुरू झाले. मुंबईवरील हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना प्राण गमावलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी पंतप्रधान पुरस्कार २००६ मध्ये स्थापन झाले. ते २१ एप्रिल या नागरी सेवा दिनी दिले जातात. आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आरंभीचे उदाहरणही मराठीच आहे : महाडजवळील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांना शासकीय सेवेसाठीचा मागसायसाय पुरस्कार १९५९ मध्ये लाभला. लोकांनी परस्पर केलेल्या सत्कारावर मात्र वर्तणूक नियमांचे बंधन आहे. आपल्या सन्मानार्थ सभा वा मानपत्र स्वीकारण्यास कर्मचाऱ्याला सामान्यतः पूर्वपरवानगी लागते. कालचा अर्जदार आजचा सत्कारकर्ता होऊ नये, यासाठी हा नियम योग्यच आहे.

पदकांच्या या व्यवस्थेची खरी मर्यादा दिसते, ती अनर्थ टाळणाऱ्या कामात. याचे ठळक उदाहरण ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे होय. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापलीकडे खाडी ओलांडली की कोन लागते आणि तेथून यंत्रमागांच्या या शहराकडे रस्ता जातो. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत उसळलेल्या दंगलीत ७८ माणसे मारली गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू व मुसलमान सभासद एकत्र बसत. पाण्यापासून घरगुती भांडणापर्यंतचे विषय तेथे निघत, आणि पुढाकार वरिष्ठांकडे न ठेवता त्या भागातील कनिष्ठ पोलिसांकडे सोपविलेला असे. शिपायाला वस्तीतील माणसे नावाने ओळखू लागली. अफवा पसरण्याआधीच ती विचारून घेण्याची सोय झाली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. एका अधिकाऱ्याने घालून दिलेली पद्धत त्याच्यानंतर आलेल्यांनी व शेकडो सामान्य पोलीस-नागरिकांनी चालविली, हे या यशाचे वैशिष्ट्य होय. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

अशा कामास पदक कोणाच्या छातीवर लावावे ? न झालेल्या दंगलीचा पंचनामा होत नाही. वाचलेल्यांची यादी करता येत नाही. शौर्यपदकासाठी घटना लागते, येथे तर घटनेचा अभाव हेच फलित. सामूहिक गौरवाची दिशा महाराष्ट्राने काही अंशी स्वीकारली आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान व २००७ मधील महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम यांतील पुरस्कार व्यक्तीस नसून गावास होते. पण त्यांतही स्पर्धेचे वर्ष सरले, की काम सैल पडण्याचा धोका राहतो.

भिवंडीतील विश्वासही कायमचा टिकला नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. ज्या शहरात शिपाई हा वस्तीचा मध्यस्थ झाला होता, तेथेच हे घडले.