बहिणीची तार आणि ईईजी

ईईजी म्हटलं की आपल्याला डोक्याला चिकटवलेल्या वायरी आणि हॉस्पिटल आठवतं. पण या तपासणीचं मूळ चक्क टेलिपथीत आहे, हे वाचून मी उडालोच!

तर झालं असं. १८९०च्या दशकात हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करी प्रशिक्षण घेत होता. एकदा घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार: सुखरूप आहेस ना? दूर कोबुर्गला बहिणीच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती.

दुसरा कोणी योगायोग म्हणून विसरला असता. हा पठ्ठ्या डॉक्टर झाला, येना शहरात मानसोपचारतज्ज्ञ. मनातून काही ऊर्जा निघते का, हाच ध्यास. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. छापल्या कधी? १९२९ मध्ये! मधली पाच वर्षं तो स्वतःच्याच नोंदी तपासत होता. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियनने तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे जगाला पटलं.

गंमत म्हणजे हा सिग्नल इतका क्षीण, की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. तो परगावी निरोप काय नेणार! टेलिपथी हुकली, पण अपस्माराच्या निदानाला मोठा आधार मिळाला.

बर्गरचा टेलिपथीवरचा विश्वास शेवटपर्यंत गेला नाही. १९४० मध्ये त्याने त्यावर लिहिलंही. पण तो विश्वास त्याने यंत्राकडून वदवून घेतला नाही. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं. प्रश्न विचित्र असला तरी चालेल, मोजमाप सरळ हवं.