झेब्रा फिंच (पाळीव पक्षी)
झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, सुमारे १० सेंमी लांबीचा धान्यभक्षी पक्षी होय. नराच्या गालांवर नारिंगी ठिपके असतात. मादीला ते नसतात. हा थव्याने राहणारा पक्षी असल्याने एकटा ठेवू नये. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, कारण फिंच आडवे उडतात. आहारात राळे, हिरवा पाला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्यावा. नॉनस्टिक भांडे अतितप्त झाल्यास निघणारा वायू या पक्ष्यांना काही मिनिटांतच मारू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघराजवळ टांगू नये.

भारतातील लाल मुनिया अशीच इवली व देखणी असते. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला पकडणे, विकणे वा पाळणे गुन्हा आहे. तरीही पक्षीबाजारात रानातल्या मुनिया, कधी तर चक्क रंगवून, विकल्या जातात.